जाड सिगार

त्याने सिगारचं टोक कापलं, काडी ओढली आणि फिरवत फिरवत सिगार नीट पेटवली. एक झुरका घेतला, त्यावर ग्लासातला एक घोट. मग तोंड वाकडं करून ग्लास मेहुण्यापुढे सरकवला.

"बघ. फोनवर सांगत होतो ते हेच. बाटली नासलीय."

"दाजी, नासायला ते दूध आहे का?"

मेहुणा एका हॉटेलच्या बारमध्ये कामाला होता. कुठल्या स्कॉचबरोबर कुठली सिगार द्यायची, हे तिथल्या गिऱ्हाइकांना तोच सांगे. स्वतः मात्र कधी ओढत नसे. बहीण गेली तेव्हा तो आला होता, त्यानंतर या घरी आजच.

गॅलरीत दुपारचं ऊन होतं. मेहुण्याने ग्लास नाकाशी धरला, थोडी जिभेवर घेऊन थांबला.

"माल एकदम ठीक आहे. हलकी सिंगल माल्ट. मधासारखी."

"मग सिगार शिळी असेल. नवा खोका आणला, तरी कडूच."

"कडूच लागणार. अशी जाड, काळी सिगार आणि ही स्कॉच म्हणजे ढोलापुढे बासरी. गिऱ्हाइकाला ही जोडी दिली ना, तर मॅनेजर मला घरी बसवेल."

"मला बरी इतकी वर्षं आणून दिलीस. सुट्टीच्या दिवशी तुझी ताई हीच समोर ठेवायची. आणि तेव्हा छान लागायची."

मेहुण्याने खिशातून एक बारीक, फिकट सिगार काढून पुढे केली.

"हिच्याबरोबर घेऊन बघा."

त्याने जाड सिगार ताटलीत विझवली आणि बारीक पेटवली. घोट घेतला. मधाची चव खरंच वर आली, धुरामागून हळूच.

"चांगली आहे," तो म्हणाला, तक्रार केल्यासारखा. आणखी एक घोट घेऊन म्हणाला, "पण ते नाही हे."

तिचे कपडे वाटून झाले होते. तिचा आवाज आठवायचा तर हल्ली थोडं थांबावं लागे. सुट्टीच्या दुपारची ही चव तरी हाताशी राहील, असं त्याला वाटलं होतं. तीही सुटत चालली होती.

"ती जाड ताईनं निवडलेली," मेहुणा कठड्याकडे बघत म्हणाला. "मी तिला बारीकच घे म्हणत होतो. ती म्हणाली, चवीचं राहू दे रे. सगळ्यात जास्त वेळ चालणारी कुठली, ते सांग."

"वेळ कशाला?"

"तुम्ही सुट्टीच्या दिवशीही जेवून हात पुसले की चालले खाली वर्कशॉपात. खाली भुसा, स्पिरिट, पॉलिश. पेटती सिगार घेऊन तुम्ही तिथला उंबरठा ओलांडणार नाही, हे तिला ठाऊक. आणि घोटभर पोटात गेली की करवतीला हात लावायचा नाही, हा नियम तुमचाच. म्हणाली, दोन्ही बाजूंनी कडी लावते."

त्याने खाली पाहिलं. गॅलरीतून वर्कशॉपचं दार दिसत होतं. गेल्या कित्येक सुट्ट्यांना तो कडू सिगार अर्ध्यात विझवून, ग्लास तसाच टाकून खाली गेला होता. कुणी बनवायला सांगितलं नव्हतं असं एक स्टूल तिथे पुन्हा पुन्हा घासत बसला होता.

"आम्ही बोलायचो काय रे इतका वेळ?" त्याने विचारलं.

"मला काय विचारता? माझ्या लग्नाचं बोलत असाल."

"ते तर असायचंच. शेजारच्यांचं मांजर. गळका नळ. एकदा सबंध दुपार ती मावशीच्या नव्या दातांवर बोलली." त्याने राख झटकली. "चवीकडे लक्ष नसणारच."

बारीक सिगार लवकर संपली. मेहुण्याने घड्याळ पाहिलं, संध्याकाळची पाळी होती म्हणाला, आणि दाराजवळच्या बाकावर बसून बूट घालू लागला.

इकडे त्याने ताटलीतली जाड सिगार उचलली. जळकं टोक कापून टाकलं.

"कडू लागेल, दाजी."

"लागू दे. बस जरा."

"मी ओढत नाही, माहीत आहे ना तुम्हाला?"

"तुझी ताई तरी कुठे ओढायची?"

काडी पेटली. मेहुण्याचा एक पाय बुटात गेला होता. दुसरा बूट हातात होता, तो त्याने खाली ठेवला.