इंजिनातला ब्लाऊजपीस

किशोरला कुणी गाडीचं काही विचारलं की त्याला मूठभर मांस चढायचं. सातपूरच्या कारखान्यात तो मशीनच्या देखभालीवर होता. त्यामुळे नटबोल्ट लावलेली जगातली कुठलीही वस्तू आपल्याला कळते, असा त्याचा पक्का समज. मिक्सर असो की पाण्याची मोटार, सगळं स्वतः उघडायचा. बरं, उघडलेलं बहुतेक वेळा नीट बसायचंही, म्हणून तर त्याचं फावलं होतं.

मेहुणी मोहिनी म्हणाली, "दाजी, व्हॅनचं ऑइल बदलायला आलंय. गॅरेजला टाकू का?" तेव्हा त्याला जवळजवळ अपमानच वाटला.

"गॅरेजवाले काय वेगळं करतात? जुनं सोडतात, नवं भरतात. रविवारी घेऊन ये."

त्या व्हॅनमध्ये मोहिनीचा जीव अडकलेला. सिन्नरच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायकांना ती रोज सकाळी न्यायची, संध्याकाळी आणायची. नवरा सुनील नोकरीला सुरतेत, घरात कारभार थोरल्या दिराचा, धनराजचा. बाईमाणसानं स्टिअरिंग धरायचं हेच धनराजला पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. गाडी विकून टाकायला तो फक्त निमित्त शोधत होता.

रविवारी किशोरनं सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुकान मांडलं. जुनं तेल सोडलं, इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणून ती सीट उचलली, ऑइल भरायचं झाकण काढलं. आता कारखान्याची शिस्त अशी, की मशीनचं तोंड उघडं दिसलं की आधी त्यात बोळा कोंबायचा, धूळ जाता कामा नये. कारखान्यात त्यासाठी चिंध्यांचं पोतं असतं. घरी कुठलं? बायको कुसुमनं ओटीत आलेल्या ब्लाऊजपीसांचा गठ्ठा ठेवला होता. एकीनं दुसरीला द्यायचे, दुसरीनं तिसरीला, शिवायचे कुणीच नाही, असले ते तुकडे. त्यातला एक जांभळा, सोनेरी बुट्ट्यांचा त्यानं उचलला, अर्धा फाडला आणि कोंबला. मग मोहिनीला इंजिनाची महती सांगत सांगत, बोळा काढायचा साफ विसरून, वरून नरसाळं दाबलं आणि तेल ओतलं.

तेल उतरेना. "जाड आहे," किशोर म्हणाला, "चांगलं तेल असंच असतं." आणि नरसाळं आणखी दाबलं, तसं तेल एकदाचं आत गेलं.

त्याच आठवड्यात मोहदरी घाट चढताना तेलाच्या झारीचं चित्र असलेला लाल दिवा लागला आणि इंजिन टकटक वाजू लागलं. मोहिनीनं शहाण्यासारखं गाडी बाजूला घेऊन बंद केली. बायका एसटीनं गेल्या, पण त्यांना उशीर झालाच. गाडी दोरीनं ओढत सिडकोत तिच्या घरी आणावी लागली.

किशोर धावत गेला. तेल मोजायची पट्टी काढून पाहिली, तेल पुरेपूर, मधासारखं. गळती कुठे नाही. फिल्टर बदलला. दिव्याची वायर तपासली, सेन्सर नवा बसवला. इंजिन गार असताना दिवा विझायचा, तापलं की पुन्हा लागायचा. आता सुज्ञ माणूस म्हणाला असता, मला कळत नाही. पण ते वाक्य किशोरच्या तोंडात कधी बसलंच नव्हतं. तेल त्यानं स्वतः भरलेलं, म्हणजे तिथे चूक असणं शक्य नाही. राहिलं कोण? चालवणारी.

"हाफ क्लचवर चालवते ही," तो धनराजसमोर म्हणाला. "घाटात इंजिन रगडलंय. असं चालवल्यावर दुसरं काय होणार?"

धनराजनं किल्ली उचलून शर्टाच्या खिशात टाकली. "दाजींसारखा जाणता माणूस सांगतोय, ऐकलंस ना?"

मोहिनीनं त्या खिशाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "दाजी, मी खरंच क्लचवर पाय ठेवते? मला तर कधी जाणवलं नाही."

"आपली सवय आपल्याला कळत नसते," किशोर म्हणाला.

धनराजनं विंचूरचं एक गिऱ्हाईक बघितलं. विकण्याआधी दुरुस्त करून देतो, असं म्हणून किशोरनं व्हॅन ओढत आपल्या पार्किंगमध्ये आणली. त्याला मनातून ते कोडं सुटल्याशिवाय चैन नव्हतं. गाडीखाली शिरून त्यानं इंजिनाच्या तळाचं चेंबर उतरवलं. तेल जिथून वर ओढलं जातं त्या जाळीला काहीतरी काळं लपेटलेलं होतं. त्यानं बोटांनी सोडवलं. चिंध्या झाल्या होत्या, पण एका चिंधीवर सोनेरी बुट्टी अजून चमकत होती.

किशोर गाडीखाली तसाच पडून राहिला. आपल्याला कुणी पाहिलं तर नाही ना, हे त्यानं आधी बघितलं, आणि मग त्याचीही त्याला लाज वाटली. चिंध्या पिशवीत घालून त्यानं पिशवी स्कूटरच्या डिक्कीत टाकली. जाळी धुतली, चेंबर बसवलं, नवं तेल भरलं. गाडी लांबवर फिरवून आणली. दिवा लागला नाही, टकटक नाही.

त्यानं धनराजला फोन केला. "झाली गाडी ठीक. जाळी चोंदली होती."

"कशानं?"

"कचऱ्यानं," किशोर म्हणाला. तेवढंच. एक शब्द पुढे बोलला असता तर गोष्ट इथेच संपली असती, पण जीभ टाळूला चिकटली मेल्याची.

दुसऱ्या दिवशी मोहिनी घरी आली, शर्टपीस आणि टॉवेल घेऊन. "माझ्या हातून गाडीचं वाटोळं झालं, दाजी. तुम्ही उन्हातान्हात खपलात." तिनं त्याला वाकून नमस्कार केला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं किशोरला झालं. तरी हात पुढे झालेच आणि त्यानं तो शर्टपीस घेतला. घेतला, याला काय म्हणावं.

पुढचे दिवस त्याला अन्न गोड लागेना. सांगायचं ठरवायचा, स्कूटर काढायचा आणि सातपूरच्या चौकातून परत यायचा. सांगितलं तर कारखान्यात कळेल, मेहुणी काय म्हणेल, बायको काय म्हणेल. कुसुमच एकदा भाजी निवडताना म्हणाली, "मोहिनी व्हॅनमधल्या एकेकीला फोन करून सांगतेय, दुसरी गाडी बघा म्हणून. प्रत्येकीला सांगते की मला नीट चालवता येत नाही. गिऱ्हाईक आज येणार आहे." किशोर उठला आणि पायात चपला सरकवून निघाला. या वेळी चौकातून वळला नाही.

सिडकोतल्या घरात विंचूरचा माणूस चहा पीत बसला होता. किशोरनं पिशवी टेबलावर उलटी केली.

"हे इंजिनातून निघालं. मी कोंबलेलं आणि मीच विसरलो. मोहिनीच्या चालवण्याचा काही संबंध नव्हता. मला कळलं त्यालाही बरेच दिवस झाले. मी गप्प बसलो."

चहाच्या कपासमोर तो काळा लगदा पडला होता. धनराजनं त्यातली सोनेरी बुट्टी निरखून पाहिली आणि खो खो हसत सुटला. "ब्लाऊजपीस? दाजी, कमाल केलीत. अहो, चालायचंच, काम करणाऱ्याच्याच हातून चुका होतात. मनाला लावून घेऊ नका." विंचूरचा माणूसही हसला. किशोरच्या पाठीवर थाप पडली. त्याला शिव्या हव्या होत्या आणि मिळत होती माफी, तीही भलत्याकडून.

"भाऊ," मोहिनी धनराजला म्हणाली, "त्यांच्या हातून चूक झाली तर चालायचंच. माझ्या हातून झाली असं वाटलं, तर गाडी विकायला काढलीत." तिनं हात पुढे केला. "किल्ली द्या."

धनराजचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यानं किशोरकडे पाहिलं, मदतीसाठी असावं. किशोर म्हणाला, "तिची आहे. द्या." किल्ली टेबलावर आली. विंचूरचा माणूस चहा अर्धा टाकून उठला.

किशोर जायला निघाला तशी मोहिनी दारापर्यंत आली. तिच्या तोंडावर राग नव्हता, आणि मायाही नव्हती. "दाजी, त्या बायकांना मी माझ्या तोंडानं सांगितलंय की मला गाडी येत नाही. आता मीच उलट सांगितलं तर कोण ऐकणार? उद्या सकाळी तुम्ही गाडीत बसा."

दुसऱ्या दिवशी किशोर मागच्या सीटवर बसला, डबे घेतलेल्या बायकांच्या मध्ये, अंग चोरून. शिंदे गाव गेल्यावर त्यानं सांगायला सुरुवात केली. बोळा, नरसाळं, जाळी, सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. मोहिनी समोर बघून गाडी चालवत होती. शेजारी मैना नावाची पोक्त बाई होती, तिनं मांडीवरचा डबा सरळ केला.

"तुमाला ठावं नव्हतं तवा बोलले, ते समजलं," ती म्हणाली. "पण ठावं झाल्यावर का गप बसले, भाऊ?"

"लाज वाटली," किशोर म्हणाला.

"आन् तितके दिस ती लाज हिनं सोसली," मैना म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

किशोरनं आरशात पाहिलं. मोहिनीचे डोळे भरले होते. समोर घाट सुरू झाला, तिनं गिअर बदलला. गाडी टकटक न करता वर चढू लागली.