न हरवणारं पाकीट

शनिवार पेठेतल्या एका बोळात आमोद सकाळपासून पाकीट हरवायचा प्रयत्न करत होता आणि ते काही केल्या हरवत नव्हतं.

पोटापाण्यासाठीच चाललं होतं हे. नुसती कमाई मोजून माणसं सुखात आहेत का ते कळत नाही, असं आमोदच्या संस्थेचं म्हणणं. म्हणून संस्था भागाभागाचं समाधान मोजायची. त्यात एक कसोटी विश्वासाची. रस्त्यात पाकीट टाकायचं, आत 'रणजित' अशा खोट्या नावाचं चिठोरं आणि संस्थेच्या कात्रजच्या ऑफिसचा पत्ता, आणि ते परत येतं का बघायचं. वाघोलीत टाकलेलं पाकीट जेवणाच्या आत परत आलं होतं, वर बारशाचं आमंत्रण घेऊन. आता हा एक बोळ राहिला होता. आज इथे पाकीट हरवलं नाही तर उद्यापासून घरी बस, असं शेफाली मॅडमनी बजावलं होतं.

पण पाकीट जमिनीला टेकायच्या आत वरून आवाज यायचा, "अहो, पाकीट पडलं!"

आवाज हेमाकाकूंचा. त्या गॅलरीत लसूण सोलत होत्या आणि लसूण सोडून सगळीकडे त्यांचं लक्ष होतं. आमोद बोळाच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथे इस्त्रीवाल्यानं पाकीट हवेतच झेललं.

"खिसा फाटलाय," काकूंनी वरून विचारलं, "का हातालाच वळण नाही?"

शेवटी आमोदनं सगळं सांगून टाकलं. पाकीट हरवलं नाही तर परत येणार नाही, आणि परत आलं नाही तर तक्त्यात या बोळाचा विश्वास शून्य.

"शून्य?" काकू लसणासकट खाली आल्या. "आणि वाघोलीला?"

"पैकीच्या पैकी."

काकूंनी हाका मारून सगळा बोळ गोळा केला. मग ठरलं, सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. काकूंनी कानात कापूसही घातला.

आमोदनं पाकीट टाकलं. कुणी चकार शब्द काढला नाही. इस्त्रीवाल्याच्या मानेला घाम फुटला. आमोद कोपऱ्यावर चहा पिऊन आला, तर पाकीट गायब!

टाळ्या पडल्या. काकूंनी कापूस काढला. "म्हणजे... कुणीतरी नेलं?"

टाळ्या थांबल्या. लोक एकमेकांच्या खिशांकडे बघायला लागले. दुपारी, एरवी सताड उघडी असणारी दारं आतून कड्या लावून बंद झाली. सकाळपर्यंत बोळात विश्वास होता. मोजायला घेतला आणि संपला.

संध्याकाळी शेफाली मॅडमचा फोन आला, तो आमोदनं काकूंसमोरच स्पीकरवर घेतला. "आमोद, इथे यज्ञेश्वर म्हणून एक आजोबा आलेत. पाकीट त्यांच्याकडे आहे."

काकूंनी कपाळावर हात मारला. "अगंबाई, आमचे हे! बँकेत गेले होते. यांना सांगायचंच राहिलं!"

"मग घ्या ना मॅडम!" आमोद फोनवर म्हणाला.

"देत नाहीयेत. रणजितच्याच हातात देणार म्हणे. मी माझं ओळखपत्र दाखवलं, तर म्हणाले, फोटो तुमचा वाटत नाही."

आमोद धावतपळत कात्रजला पोचला. "काका, मीच रणजित!"

यज्ञेश्वरकाकांनी चष्मा वर केला. "गळ्यातल्या पट्ट्यावर आमोद लिहिलंय."

पाकीट खिशात घालून ते उठले. "खरा रणजित आला की पाठवा घरी. येताना आधार कार्ड आणायला सांगा."

मॅडमनी तक्ता पुढे ओढला. प्रामाणिकपणा पैकीच्या पैकी आणि विश्वास शून्य, असा रकाना नव्हता. पण पाकीट हरवलं होतं, यात वाद नव्हता. त्यांनी 'निकाल प्रलंबित' लिहिलं आणि निकाल लागेपर्यंत पाठपुराव्याला आमोदची नेमणूक केली.

तेव्हापासून आमोद नेमानं त्या बोळात जातो.

"सापडला का हो रणजित?" यज्ञेश्वरकाका विचारतात.

"शोधतोय, काका."

"सावकाश शोधा," हेमाकाकू चहा पुढे करतात. "घाई केली की माणसं सापडतात."