मजुरी नको

"अंगणाच्या कोपऱ्यातला नळ गळतोय बघ," आत येता येता अन्सेल्मो म्हणाला. "वॉशर गेलाय. आणि प्यायला पाणी दे ग जरा. फ्रेस्नोचा उन्हाळा जीव घेईल."

ग्रासिएला जागची हलली नाही. स्वयंपाकघरात तिचा सहकारी डेकर कानाला यंत्र लावून बसला होता. तिने दार उघडलं की त्याने बाहेर यायचं, असं ठरलेलं होतं. हे रिकामं घर परवाना मंडळाने आठवड्यापुरतं घेतलं होतं. मंडळाची तपासनीस ग्रासिएला आज घरमालकीण झाली होती. बिनपरवाना माळ्याने कामाची हजार डॉलरच्या वरची किंमत सांगितली की गुन्हा. सकाळपासून दोघे सापडले होते.

"रामोनची ना तू?" तो निरखून बघत म्हणाला. "डोळे तेच."

"हो, काका."

रामोनच्या ट्रकमध्ये हा माणूस सोळा वर्षं शेजारी बसला होता. परवाना रामोनचा होता.

"तुमचा परवाना झाला का?" तिने विचारलं. कॉलरखालचा माइक तिला टोचत होता.

"कुठला? अनुभवाच्या कागदावर सही तुझा बाप करणार होता. तोच आधी गेला." अन्सेल्मोने खिडकीतून अंगण न्याहाळलं. "गवत पार मेलंय. उपटायचं, ठिबकच्या नळ्या टाकायच्या, लॅव्हेंडर लावायचं."

"नुसतं कापून द्या ना, काका."

"मेलेल्याचे केस कापू?" तो हसला. "हे बघ, रामोनच्या पोरीकडून मजुरी नको. फक्त सामानाचे चौदाशे. आणि मजुरीच नाही म्हटल्यावर ते मंडळवाले तरी काय करणार?"

त्या हजारात सामानाचे पैसेही धरतात. नव्या तपासनिसांना ते कलम ग्रासिएलाच शिकवत असे.

"थोडंच काम केलं तर?" तिचा आवाज बारीक झाला. "नऊशेत बसेल?"

"निम्म्या नळ्या टाकल्या तर निम्मी झाडं मरतील, पोरी. तसलं काम तुझ्या बापाने मला शिकवलं नाही."

आत खुर्ची सरकली.

"कोण आहे ग?"

"कोणी नाही." ती उठली. हात दाराच्या मुठीवर क्षणभर तसाच राहिला. "पाणी आणते."

तिने दार उघडलं.

डेकरने कागद वाचून दाखवला. खटला, तारीख, दंड. अन्सेल्मोने हॅट काढून सगळं ऐकलं आणि बोट ठेवलेल्या जागी सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. ग्रासिएलाने ओट्यावरची कपाटं उघडून पाहिली. घरात एकही पेला नव्हता. ती रिकाम्या हातांनी परत आली, तोवर तो बाहेर पडला होता.

खिडकीतून तिला दिसलं, त्याने ट्रकमधून पाना आणि एक चपटी डबी काढली. कोपऱ्यातला नळ खोलून वॉशर बदलला. मग ओंजळ धरून पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि नळ बंद करून क्षणभर वाट बघत उभा राहिला.

थेंब पडला नाही. तेव्हा तो ट्रकमध्ये बसला.