विहिरीजवळचं झाड

ओयुनने गुडघे वाळूत रोवले आणि विहिरीजवळच्या सॅक्सॉल झाडाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर फावडं मारलं.

"ते राहू दे," उंटावरून पाण्याचे डबे उतरवत तिचा नवरा दाम्बा म्हणाला.

"राहू दे? शेंडे बघ, पार वाळलेत. दोन वर्षं पाऊस नाही, आणि खाली माझा गोयो याच्या मुळांतून पाणी ओढतोय. परवा बारा झाडांखालचे मुळापासून उपटले, तेव्हा तूच घाई करत होतास."

"ती बारा वेगळी."

ओयुनने वळून पाहिलं. वाळू सरकत सरकत घराच्या दारापर्यंत आली तेव्हा ही झाडं दाम्बाने लावली होती. त्यांच्या मुळांना चिकटून, त्यांचाच रस पिऊन वाढणारा औषधी गोयो पोसायचं तिच्या डोक्यात आलं, तेव्हापासून त्याची कुरकुर सुरू झाली: 'झाडं माझी, जेवायला पाहुणे तुझे!' चार वर्षं तिचं बी रुजलंच नाही. तिने नाद सोडला होता, आणि पाचव्या वसंतात पहिला गोयो इथे, या झाडाखाली, वर आला. आता आसपासच्या बायका तिच्याकडे पेरणी शिकायला येत.

"वरवर तोड. दरवर्षी तोडतेस तसा," दाम्बा म्हणाला. "बुडखा ठेव खाली."

"म्हणजे पुन्हा फुटेल आणि पुन्हा पिईल. झाड गेलं तर तूच रडत बसशील, म्हाताऱ्या."

त्याने उंटाचा दोर सोडला, पुन्हा बांधला.

ती खणत राहिली. मनगटाएवढं जाड, खवल्याखवल्यांचं गोयोचं पिवळट खोड उघडं होत गेलं. कोपर वाळूत गेलं, मग खांदाही टेकला. तळाशी, गोयो जिथे झाडाच्या मुळाला चिकटला होता तिथे, बोटांना कापड लागलं.

निळ्या कापडाची विरलेली पट्टी, बी बांधून ठेवल्यासारखी गाठ मारलेली. दाम्बाच्या जुन्या अंगरख्याच्या अस्तराची. त्यावरचे टाके तिचेच होते.

ओयुनने अंगठ्याने टाके चाचपले. मग पट्टी तिने बाहीत सरकवली आणि गोयो मुळापासून मोडून काढला.

"निघाला?" दाम्बाने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"निघाला. फार खोल होता. मी एवढं खोल कधी पेरत नाही."

"वारा वाळू आणून टाकतो. चढली असेल एवढ्या वर्षांत."

"असेल."

तिने खड्डा बुजवला. दाम्बा डबा घेऊन आला आणि बुंध्याशी बेताबेताने पाणी ओतू लागला.

"एवढं खोल खणायचं म्हणजे एक अख्खी सकाळ जात असेल, नाही?" ओयुन म्हणाली.

"दोन गेल्या," दाम्बा म्हणाला, आणि त्याचा डबा हवेतच थांबला.

ओयुन इतकी हसली की उंटाने मान वळवून पाहिलं. दाम्बाचे कान लाल झाले होते. तिने वाळूने माखलेला हात त्याच्यापुढे धरला.

"उठव मला. गुडघे गेले माझे."