काकूंचा अंगठा आणि माझी शाई

मित्रांनो, एक पत्र तीन महिने माझ्याखाली दबून पडले होते. त्याला कुणी उत्तर दिले नाही, आणि खरे सांगायचे तर, ते दिले जावे असे मलाही वाटत नव्हते. मी एक जुना शाईचा पॅड आहे. सरकारी स्वस्त धान्याच्या दुकानात, टेबलाच्या खणात राहतो.

पत्र्याची डबी आणि जांभळ्या शाईत भिजलेले कापड, एवढाच माझा संसार. पण सारी गल्ली माझ्यावर अंगठा टेकवूनच धान्य नेई. “अहो, पॅड कुठाय?” अशी हाक आली की मी फुलून जाई.

मग सरकारने पद्धत बदलली. अंगठा ओळखणारे, काचेच्या डोळ्याचे यंत्र आले. अंगठे तेच, मान मात्र त्याचा! त्याला रोज मऊ फडक्याने पुसत, आणि मी खणात. माझा नुसता जळफळाट झाला.

एके दिवशी धुणेवाल्या काकूंचा अंगठा यंत्राला वाचता येईना. सोड्याने रेषाच झिजल्या होत्या.

“जन्मभर मी अंगठा दिला, आता हे मेलं मलाच अंगठा दाखवतंय!” काकू म्हणाल्या. रांग हसली. काकू रिकामी पिशवी घेऊन परतल्या. मी मात्र खणात खूश!

पुढे काकूंनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेले पत्र आले, ‘माझ्या धान्याचं काय ते कळवा.’

“नियमापुढे मी काय करू?” म्हणत दुकानदाराने ते माझ्याखाली सरकवले. मला ते जपून ठेवावेसे वाटले. यंत्र नापास झाल्याचा दाखलाच तो!

पण एक गोष्ट मी लपवत होतो. मेलेल्या माणसांच्या नावापुढेही माझ्या शाईचे अंगठे उमटत, आणि ते सगळे दुकानदाराचेच असत. ती लबाडी यंत्राने बंद केली. मी कधी कुणाला ओळखलेच नव्हते.

परवा दुकानदाराच्या सुनेने शिक्क्यासाठी खण उघडला, मला उचलले आणि खालचे पत्र वाचले.

“बाबा, हे काय? अंगठा उमटत नसेल तर दुकानाच्या शिक्क्याच्या पत्रावर धान्य द्या, असं नियमातच लिहिलंय. वाचलं नाहीत?”

“चष्मा नव्हता गं.”

“तीन महिने?”

तिने तिथेच उत्तर लिहिले. शिक्का माझ्यावर दाबला. मी रुसून कोरडाठाक, म्हणून शिक्का पुसट उमटला.

“पुसट शिक्का तपासनीस मानायचा नाही,” म्हणत तिने माझ्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. मला ती रिकामी पिशवी आठवली. उरलीसुरली सगळी शाई मी देऊन टाकली.

मित्रांनो, नवे खुशाल आणा. पण कुणाचे पत्र आमच्यासारख्यांखाली दाबून ठेवू नका.

सून पाकीट टपालपेटीत टाकून आली आणि तिने यंत्र सुरू करायला त्याला अंगठा लावला. ते तिलाही ओळखेना. अंगठ्याला माझी जांभळी शाई लागली होती ना!