खिडकीजवळचं टेबल

फुकट जेवायला बोलावणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. त्यातून तो स्टॅन्सिलांच्या घरातला असेल तर मुळीच नाही. एकेचाळीस वर्षं मी त्यांच्या हॉटेलातल्या भट्टीवर डुकराचे खांदे भाजले, हिकरीच्या लाकडाचे निखारे फावड्याने ओढले, आणि तेवढ्या वर्षांत 'बस ओझेल, दोन घास खा' असं कुणी म्हटलं नाही. आम्हा काळ्या लोकांना वेगळं बसवणाऱ्या पाट्या केव्हाच उतरल्या होत्या. तरी भट्टीवरच्या माणसाने पुढच्या दालनात बसायचं नाही, हे न सांगता ठरलेलं होतं. मी मागच्या दाराशी उभ्या उभ्या खायचो.

आणि आता काम सोडून बारा वर्षं झाल्यावर म्हाताऱ्या स्टॅन्सिलचा नातू टकर फोन करतो. "मिस्टर ओझेल, शनिवारी दुपारी जेवायला या. पुढच्या दाराने या."

मिस्टर म्हणे. त्याच्या आजोबाच्या तोंडून माझ्यासाठी हा शब्द कधी निघाला नव्हता.

"यात काहीतरी पाणी मुरतंय," मी मिनीला म्हणालो. मिनी माझी मेहुणी. माझे डोळे अधू झाल्यापासून तीच मला गाडीतून नेते-आणते.

"भावोजी, चर्चमध्ये कुणी 'कसे आहात' विचारलं तरी तुमच्या मते पाणीच मुरतं."

"त्याला माझी रीत हवीय. बाटलीवर माझा फोटो छापेल आणि आत स्वतःचं गोडं पाणी भरेल."

"तुमचा फोटो? मग खपलीच म्हणायची बाटली."

माझी रीत म्हणजे शेवटच्या दोन तासांत मांसावर शिंपडायचं पाणी. त्यात काय असतं ते मला ठाऊक, आणि माझ्या कोरिन्थियाला ठाऊक होतं. ती गेली. म्हाताऱ्या स्टॅन्सिलने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी खोटा खोकला काढून वेळ मारून नेली. मुलीला, रोझेटालाही मी ते सांगितलं नाही, आणि ते मुद्दाम. या धुराने माझी छाती खाल्ली. पोरगी कधी भट्टीपाशी जाणार नाही, असा शब्द मी कोरिन्थियाला दिला होता. रोझेटा शार्लट शहरात बँकेत काचेच्या केबिनमध्ये बसते. आयुष्यात एवढं एक काम मी नीट केलं. हल्ली मात्र ती शनिवारी फोन उचलत नाही. कुणीतरी पुरुष असणार. मिनीला विचारलं तर ती ताकास तूर लागू देत नाही.

स्टॅन्सिलांच्या दाराबाहेर रस्त्यापर्यंत रांग होती. टकर धावत आला आणि आम्हाला रांगेला वळसा घालून थेट आत घेऊन गेला. लोक बघत राहिले. त्याने आम्हाला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. त्या टेबलावर लाल चौकड्यांचं कापड होतं. बाकी सगळी टेबलं उघडी.

"हे कापड कशाला?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी, सर."

"बाकीच्यांना का नाही?"

पोरगा कानापर्यंत लाल झाला. "मला सांगितलं तसं केलं."

"कुणी सांगितलं?"

"मी चहा आणतो," म्हणून त्याने पळ काढला. मी कापडाचं टोक उचलून खाली पाहिलं. सही घ्यायचा कागद तिथेच दडवला असणार.

"सापडला का बॉम्ब?" मिनीने विचारलं.

बर्फ घातलेला गोड चहा आला. ताट आलं. चिरलेलं मांस, लाल कोबीची कोशिंबीर, मक्याच्या पिठाचे तळलेले गोळे, आणि एका बाजूला ब्रेडचे दोन पांढरे काप. वाढणारी पोरगी ताट ठेवून तिथेच घुटमळत राहिली. मिनी, जी दुसऱ्याच्या ताटातला घास उचलते, ती हाताची घडी घालून बसली होती. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे. एवढं मन लावून कुणी मला कधी जेवताना पाहिलं नव्हतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

मी घास घेतला. धूर खरा होता, गॅसची लबाडी नव्हती. मग व्हिनेगरच्या मागून हळूच सफरचंदाच्या सालीचा वास आला, आणि मी चावायचा थांबलो.

"चोर," मी म्हणालो. "ही माझी रीत आहे."

"कोण चोरणार?" मिनी म्हणाली. "तुम्ही तर कुणाला सांगितलीच नाही."

"म्हणूनच चोर म्हणतोय."

रागाने मी ब्रेड उचलला. खाली मांसाच्या वरच्या सालीचे दोन तुकडे होते, काळपट, खरपूस.

ही साल म्हणजे सगळ्यात चवीची जागा. म्हातारा ती गिऱ्हाइकांसाठी राखायचा, आम्हाला हात लावू द्यायचा नाही. मी रोज दोन तुकडे ब्रेडखाली लपवून डब्यातून घरी न्यायचो. रोझेटा दारातच डबा हिसकावून घ्यायची आणि आधी ब्रेड उचलून बघायची. ही गंमत फक्त घरातल्यांना माहीत होती.

मी मिनीकडे पाहिलं. ती मान खाली घालून रुमालाशी चाळा करत होती.

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून."

"आणि बँक?"

"सोडली तिने, भावोजी."

मी उठलो. टकर आडवा आला. "सर, मागे फार धूर आहे, मी तिलाच इकडे..."

"मागची वाट मला ठाऊक आहे," मी म्हणालो.

रोझेटा भट्टीसमोर उभी होती, डोक्याला फडकं, कपाळाला काजळी. चव्वेचाळीस वर्षांची माझी पोर. मला पाहून तिने फावडं खाली ठेवलं नाही.

"तुझ्या आईला मी शब्द दिला होता."

"तुम्ही दिला होता, डॅडी. मी नव्हता दिला."

"रीत कुठून उचललीस?"

"ख्रिसमसला अंगणात तुम्ही मांस भाजायचात आणि सफरचंदं सोलायला मलाच बसवायचात. सालींचं काय करता ते मी विचारत नव्हते, एवढंच."

मी दुसऱ्याच विषयावर घसरलो. "आणि हे नाटक? ते कापड, ते टेबल? टकरला काय हवंय माझ्याकडून?"

"त्याला काही नको. इथे कामाला लागताना माझी अट होती ती." तिने मोकळा हात अॅप्रनला पुसला. "मी लहानपणी विचारायचे, डॅडी, तुम्ही जेवता कुठे? तुम्ही म्हणायचात, खिडकीजवळच्या टेबलावर, लाल चौकड्यांच्या कापडावर, मोठे स्टॅन्सिल स्वतः चहा आणून देतात. मी शाळेत सगळ्यांना सांगत फिरायचे. इथे पहिल्या दिवशी मी टकरला विचारलं, माझ्या डॅडींचं टेबल कुठलं? त्याला कळेना. मग भांडी घासणाऱ्या म्हाताऱ्या बाईने मला ती जागा दाखवली."

तिने मागच्या दाराजवळच्या भिंतीकडे हनुवटीने खूण केली. तिकडे बघायचं मला धैर्य झालं नाही. खोकला आला, आणि या वेळी तो खोटा नव्हता. एवढ्याशा पोरीला मारलेली थाप. मला वाटलं होतं, ती कधीच विसरून गेली असेल.

"तुला पुष्कळ बोलायचं आहे मला," मी म्हणालो. "बँकेवरून. धुरावरून."

"बोला की. आधी जेवून घ्या. गार होतंय."

मी परत येऊन बसलो. टकरने स्वतःच्या हाताने चहा भरला. मी खुर्ची थोडी वळवली, स्वयंपाकघराच्या झरोक्यातून तिला मी दिसेन अशी. मांस संपवलं, कोशिंबीर संपवली. एक खरपूस तुकडा खाल्ला आणि दुसऱ्यावर ब्रेड झाकून ठेवला.

मिनीने लगेच हात पुढे केला. "हा नकोय का तुम्हाला?"

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "तो रोझेटाचा आहे."