निरोगी बायकांचे नमुने

संस्थेत सगळे तिला मोठी म्हणत आणि तिच्या बहिणीला धाकटी. दोघींचे केस पिकले तरी नावं काही बदलली नाहीत. स्तनाच्या कर्करोगाने आई गेली तेव्हापासून मोठी संशोधनासाठी निधी जमवत होती, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. समोरच्याच्या खिशात हात घालायचा आणि वर त्यालाच आभार मानायला लावायचे, ही तिची हातोटी.

पण प्रयोगशाळेला नुसता पैसा पुरेना. रोगी पेशींशी ताडून बघायला निरोगी बायकांच्या पेशी हव्या होत्या. दुखत नाही, खुपत नाही, आणि सुईने छातीतलं चिमूटभर मांस कोण काढू देईल? बायका फिरकेनात. अखेर मोठीनेच तोडगा काढला. नमुना घेतला की नाव कायमचं पुसून टाकायचं.

"नाव आम्हालाच माहीत नसेल, तर बाहेर जाईल कसं?" ती सगळ्यांना सांगायची. मग बायका रांग लावून आल्या. धाकटी सगळ्यांत पुढे.

"पुढेमागे एखाद्या नमुन्यात काही निघालं तर?" प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंनी तेव्हा विचारलं होतं.

"निरोगी बायकांमध्ये काय निघणार, कपाळ!" असं म्हणून मोठीने त्यांना वाटेला लावलं होतं.

त्याच संशोधक बाई आज निधीच्या कार्यक्रमाआधी रंगमंचामागच्या खोलीत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"एका नमुन्यात आहे," त्या म्हणाल्या.

"कुणाच्या?"

"ते कसं कळणार? नावं तुम्हीच पुसायला लावलीत."

कोपऱ्यात संस्थेचे अध्यक्ष टाय सारखा करत होते. ते म्हणाले, "आज अवाक्षर काढायचं नाही. देणगीदार बसलेत. उद्या सगळ्या बायकांना सावकाश तपासणीला बोलावू." बोलणं शहाणपणाचं होतं. मोठीला ते पटलंही, आणि पटलं म्हणूनच तिला स्वतःची भीती वाटली.

तिने पडदा जरासा सारून पाहिलं. पहिल्या रांगेत नमुने दिलेल्या बायका गुलाबी स्कार्फ घालून बसल्या होत्या. एक खोकत होती, एक फार वाळलेली दिसत होती. यांच्यातलीच कुणी असू दे, धाकटी नको, असं मोठीच्या मनात आलं. तिला स्वतःची किळस आली. तरी मन तेच घोकत राहिलं.

तेवढ्यात धाकटीच आत आली. "तोंड का गं उतरलंय? भाषण विसरलीस?"

"तू नमुना दिलास," मोठीने सहज विचारल्यासारखं केलं, "तेव्हा तुझी तब्येत बरी होती ना?"

धाकटी खुदकन हसली. "आता सांगायला हरकत नाही. बारीकशी गाठ लागत होती हाताला. आईचं सगळं बघितलेलं, डॉक्टरकडे जायचा धीरच होईना. म्हटलं, इथे आपसूक तपासलं जाईल. नर्सला मुद्दाम तिथेच सुई घालायला लावली. वर्ष होत आलं, कुणी चकार शब्द काढला नाही. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला."

"अगं, पण नावं पुसतो आम्ही!"

"ते लोकांना सांगायला गं. मला नाही कळवणार होय तू?"

संशोधक बाईंनी मान खाली घातली. बाहेर मोठीचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या सुरू झाल्या. मोठीने तोंड उघडलं, पण बहिणीच्या तोंडावर ते सांगायला तिची जीभ रेटेना. ती तशीच बाहेर पडली आणि माइकपाशी गेली. धाकटी पडद्याशी उभी राहिली.

"आम्ही नावं पुसली," मोठी म्हणाली. "मी पुसायला लावली. नमुने देणाऱ्या बायांनो, तुमच्यापैकी एकीला कर्करोग आहे, आणि ती कोण ते आमच्या कागदांना माहीत नाही. सगळ्यांनी उद्याच्या उद्या तपासून घ्या."

टाळ्या थांबल्या. अध्यक्ष पडद्यामागून तरातरा पुढे आले. पहिल्या रांगेतल्या बायका एकमेकींची तोंडं बघू लागल्या, एकीने स्कार्फ काढून मांडीवर ठेवला.

धाकटी मात्र कुणाकडेच बघत नव्हती. ती मोठीकडे बघत होती, अजून हसऱ्या चेहऱ्याने. आपल्याला काही असतं, तर मोठीने आधी आपल्यालाच सांगितलं असतं, एवढा तिचा भरवसा होता.